उचलूक माणसा धाडा

माझी आत्या गावी वाडीतल्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी जेवू घालायची. तरणी माणसं सगळी मुंबईत, आणि मागे राहिलेल्यांना चूल पेटवणंही जड. म्हणून तिने शेजारच्या दोघींना हाताशी धरून महिला मंडळ काढलं. मंडळ म्हणजे या तिघी म्हाताऱ्या आणि देवळाची पडवी. लोक डबे घेऊन यायचे, भात-आमटी घेऊन जायचे.

त्यांना मदत करणारं आमचं मंडळ इथलं, मुंबईकरांचं. सभा घाटकोपरला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मी मुलुंडहून जाते. मागच्या सभेत कोण कोणाला काय बोललं यातच अर्धी सभा संपते, उरलेली वडापावात.

आत्याचं मागणं एवढंसंच होतं. "बाये, ल्हान दोन टोप धाडा. जुन्यांका भोकां पडली."

मी सभेत सांगितलं. आमचे अध्यक्ष म्हणाले, "लहान? लहान टोपावर नावं कुठे मावणार गं?"

आमच्यात भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालायचंच. आधी मंडळाचं, मग अध्यक्षांच्या कैलासवासी वडिलांचं, मग खजिनदारांना आपली आई आठवली. एकेक नाव वाढत गेलं तसा टोपही वाढत गेला.

"अरे, पण तो उचलणार कोण?" मी ओरडलेच.

"तुझं ना, नेहमीचंच रडगाणं!" अध्यक्ष म्हणाले.

लग्नाच्या पंगतीला पुरेल असा टोप गावी गेला. मग आत्याचा फोन आला. "टोप इलो गो. आता उचलूक माणसा धाडा."

ती हसत होती. मला हसू आलं नाही. पुढच्या सभेत मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, तर सगळे खो खो हसले. म्हणे, आत्या एक नंबर आहे यार. लहान टोपाचा विषय पुन्हा निघाला तो पुढच्या वर्षी बघू म्हणण्यापुरता.

टोप देवळात पालथा पडून राहिला. त्या तिघी भोकांना कणीक लावून जुन्याच टोपांत भात शिजवत राहिल्या.

पावसाळ्याच्या शेवटी आत्या गेली. तापाचं निमित्त झालं. उरलेल्या दोघींनी तेराव्यापर्यंत कसंबसं निभावलं, पुढे त्यांच्याने होणार नव्हतं.

तेराव्याला मुंबईहून बस भरून माणसं आली. चौघांनी कड्या धरून तो टोप चुलाणावर चढवला. काळ्या वाटाण्याचं सांबारं त्यात रटरटायला लागलं, आणि अध्यक्ष लोकांना बोटाने वडिलांचं नाव दाखवत होते. आत्याने मागितलेली माणसं आली होती, पण आत्या जळून गेल्यावर. मला रडूही येत होतं आणि एकेकाच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती.

जेवणं आटोपली. टोप घासून पुन्हा देवळात पालथा घातला. लोक बसमध्ये चढायला लागले तेव्हा पाणंदीतून एक म्हातारा काठी टेकत आला. हातात रिकामा डबा. आजचं जेवण त्याला घरपोच मिळालं होतं. तो फक्त उद्याचं विचारायला आला होता.

"फाल्या जेवाण कोण करतला?"

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि आम्ही सगळे बसमध्ये चढलो.