सरदाराच्या नावाच्या अकरा रेघा

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? पंचवीस वर्षं रोज समोर दिसणाऱ्या नवऱ्यावर, का तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून निघून गेलेल्या माणसावर? आमच्या घरी याचा निकाल लागलाय. घोडेवाला जिंकला!

वडूजच्या पेठेत माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकांपेक्षा बाकावर बसायला येणारे जास्त. त्यामुळे किस्से ताग्यांसारखे एकावर एक रचले जातात. एक ओढला की चार अंगावर येतात. यंदाचे सगळे एकाच कादंबरीचे आहेत.

गोष्ट अशी. सांगलीची डॉक्टरीण मृणाल आपल्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर साताऱ्याकडचा एक किल्ला बघायला जाते. तो समीर, कुपवाडला त्याचं नटबोल्टचं वर्कशॉप. "पाच मिनिटांत आले," म्हणून ही जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरते आणि वर येते ती थेट तीनशे वर्षं मागं. तिथं सरदार रणधीरराव. पुढचं तुम्हाला कळलंच!

भिशीतल्या बायकांनी मिळून एक प्रत घेतली. नियम असा, की वाचणारीनं शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं नाव लिहायचं आणि जितक्यांदा रडू येईल तितक्या रेघा ओढायच्या. माझ्या बायकोच्या, जुलेखाच्या नावापुढं अकरा रेघा! आमच्या लग्नात पाठवणीला तरी इतक्या झाल्या असत्या का, शंका आहे.

* * *

आमचे सुभेदार निकम रिटायर होऊन ऊस बघतात. त्यांच्या सुभेदारीणबाईंनी रणधीररावाचं मोहिमेवरून आलेलं पत्र भर दुकानात मोठ्यानं वाचलं. चार पानी पत्र! चंद्र काय, वारा काय, मृणालच्या पैंजणांचा आवाज काय!

वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आणि आमच्या साहेबांचं पत्र बॉर्डरवरनं यायचं. 'मी मजेत आहे. म्हशीला जप.'"

सुभेदार जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बशीरभाई, चार पानं लिवायला ह्या गड्याला ड्युटी न्हवती काय? आणि दोन दिवस घोडा पळतोय, त्याला पाणी कुणी पाजलं? त्याचं लिवलंय का कुठं?"

मी सगळं पुस्तक चाळलं. कुठंच नाही!

* * *

मग बायकांना मुखपृष्ठावरच्या मृणालसारखा ब्लाउज पाहिजे झाला. कापड माझ्याकडचं, त्यामुळे इथं माझी काही तक्रार नव्हती. पण आमचा दत्तू टेलर पुस्तक हातात घेऊन घाम पुसत आला.

"शेठ, ही बाई पाठमोरी हाय. मागचा गळा दिसला. फुडचा कसा शिवू?"

सुभेदारीणबाई म्हणाल्या, "फुडचा सरदाराला दिसतोय. तुला कशाला रं उठाठेव?"

दत्तूनं सगळ्यांना मागचाच गळा दोन्हीकडं शिवला. कुणाची तक्रार नाही!

* * *

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण गठ्ठ्यांवर गुंडाळून आलेल्या रद्दीचं. पण मालात मला कुणी फसवू शकत नाही. एका रात्री थंडीत रणधीरराव मृणालला माणदेशी घोंगडं पांघरतो, आणि ते म्हणे तिच्या गालाला रेशमासारखं लागतं!

मी जुलेखाला म्हटलं, "मी घोंगडी विकलीत. नवं घोंगडं टोचतं. गालाला लावलं तर पुरळ उठतं!"

पान न उलटता ती म्हणाली, "कोण पांघरतंय त्यावर हाय ते."

त्या दिवसापासून मी सरदारावर मनापासून जळायला लागलो. मेलेल्या माणसावर जळण्यात वाईट हे, की त्याच्या दुकानासमोर दुकानही टाकता येत नाही.

* * *

म्हटलं, आपणही बोलून बघू. संध्याकाळी ती भाकरी करत होती. मी दारात उभं राहून सरदाराचं वाक्य टाकलं, "आपल्या नजरेनं आमची तलवार म्यान झाली."

तिनं तवा खाली उतरवला. जवळ येऊन माझं कपाळ बघितलं.

"आवं, बीपीची गोळी घेतली न्हाई का सकाळी?"

* * *

शेवटचं प्रकरण तेवढं तिनं ठेवलं होतं. चार दिवस झाले तरी हात लावेना.

"वाच की," मी म्हटलं.

"भ्या वाटतंय. ती परत आली तर?"

"येऊ दे की! समीर थांबलाय तिच्यासाठी."

"काय ठेवलंय कुपवाडला!"

हे मात्र लागलं. कुपवाडला काही नाही, तर वडूजला तरी काय ठेवलंय? पंचवीस वर्षांत विहिरीच्या काठावर वाट बघत मी उभा होतो, का ती?

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता पुस्तक दुकानात आणलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ताग्यांच्या आड बसून शेवटचं प्रकरण वाचलं. मधे मधे कुणी आलं, की खुणेला शर्टिंगची एक पट्टी घालून उठायचं.

मृणाल परत येते. तिकडं तिचं वर्ष गेलेलं, इकडं नुसती सकाळची संध्याकाळ झालेली. समीर गाडीला टेकून तिथंच उभा. हातात डबा.

ती विचारते, "जेवला नाहीस?"

तो म्हणतो, "डबा उघडलाच नाही. म्हटलं, येशीलच."

बस्स. घोडा नाही, चंद्र नाही. मी उपरण्याचं एक नवं पाकीट फोडलं. ते उपरणं आता विकता येणार नाही.

पुस्तक गुपचूप तिच्या उशाशी ठेवून दिलं.

* * *

परवा जुलेखानं पुस्तक संपवलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात आलो आणि लक्षात आलं, डबा घरीच राहिला.

एक वाजता ती स्वतः दुकानाच्या पायरीवर उभी! एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून दोन ताटल्या काढल्या. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दुकानात बसून जेवलो. डबा अजून गरम होता.

जेवण झाल्यावर तिनं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. शेवटचं कोरं पान. तिच्या नावापुढं बारावी रेघ होती. सरदारासाठी का समीरसाठी, मी विचारलं नाही.

त्याखाली तिच्या अक्षरात माझं नाव. पुढची जागा मोकळी. नावाशेजारी शर्टिंगची पट्टी टाचणीनं लावलेली.

तिनं गल्ल्यावरची पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तुमच्या किती, ते तुमीच ओढा," म्हणाली. "हिशेब तेवढा खरा ठेवा."