चांगुणाकाकींचं मत

"कुणाला दिलंत?" असं मतदानानंतर कोणी विचारलं, की चांगुणाकाकी म्हणत, "नवऱ्याला नाय सांगितला, तुला सांगू?" नवरा खरोखरच ते न कळताच वारला.

डोंबिवलीतली आमची इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी. तळमजल्यावर त्या, वर आम्ही. त्यांचे दोन मुलगे दोन पक्षांत. वाढदिवसाचे फलक लावून दोघांनी मिळून आमचा उजेड अडवलेला. एका पंगतीला बसूनही एकमेकांशी बोलत नसत. मात्र आईचं मत आपल्याच खिशात आहे, याविषयी दोघांनाही शंका नव्हती. काकी दोघांना भाकरी वाढत आणि तसंच समजू देत.

गेल्या विधानसभेला पंच्याऐंशी ओलांडलेल्यांसाठी घरबसल्या मतदानाची सोय झाली. आईचे गुडघे दुखतात म्हणून मुलांनी अर्ज भरला, काकींनी अंगठा दिला. मग पथक आलं. दोन कर्मचारी, पोलीस, कॅमेरावाला. पुठ्ठ्याचा आडोसा कॉटवर मांडला. मुलगे दारातून हलेनात.

काकींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "एवढ्या माणसांत आंघोळ करतं का कोणी? मी शालंत जाऊन देईन."

पथक दोनदा आलं आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेलं.

मतदानाच्या दिवशी मी त्यांना रिक्षाने शाळेत नेलं. व्यवस्था पाहण्यासारखी होती. नवा उतार, चाकाची खुर्ची, फुगे, भोंग्यावर सनई आणि हातात गुलाब. एवढा मान त्यांना लग्नातही मिळाला नसेल. आत अधिकाऱ्याने यादीत त्यांच्या नावापुढची खूण दाखवली.

"आजी, तुम्ही घरचं मतदान निवडलंत. आता इथे देता येणार नाही."

"पण घरी मी दिलाच नाय."

"बरोबर. पण एकदा पर्याय घेतला की..."

मी तावातावाने भांडलो. तो बिचारा नियम वाचून दाखवत राहिला. नियम अगदी स्पष्ट होता. काकींनी जन्मभर गुप्त ठेवलेलं मत यापुढेही गुप्त राहावं, याची याहून पक्की तजवीज सरकारलाही सुचली नसती.

"तुमची सोय व्हावी म्हणूनच केलंय हो, आजी."

"झाली," काकी म्हणाल्या. "चल रे, घरी."

ती त्यांची शेवटची निवडणूक. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. मतदानाच्या त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो, तेव्हा शाळेच्या दाराशी फोटोसाठी कमान उभारली होती. तिथल्या मुलीने हाक मारली, "आजी, शाईचं बोट वर करा ना!"

काकी खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी कोरं बोट वर केलं.

"आजी, शाई दिसत नाहीये."

"नाय ना दिसत? मंग तसाच काढ."