भगवानसाठी आलेला निरोप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी मूळचा पुण्याचा. राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात इंजिनीअर आहे, आणि जर्मन येतं म्हणून माझा भाव जरा जास्तच. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की आमच्याकडे दोन शिफ्टची फुटबॉल मॅच होते. एका वर्षी मशीन पुरवणाऱ्या जर्मन कंपनीने पाहुणा आणला — त्यांच्या देशाकडून खेळलेला, आता प्रशिक्षक. दुभाषी मीच. आमच्या शिफ्टचा कॅप्टनही मीच.

मॅच संपल्यावर कपाळाला कुंकू लावलेला तो उंच माणूस बोलू लागला. देशासाठी काही वर्षं खेळला, मग गुडघा गेला. बाकावर बसून तो खेळणाऱ्यांना जागा सांगायचा. ते कुणीतरी पाहिलं, म्हणून तो प्रशिक्षक झाला. एवढं मी चोख सांगितलं. मग त्याने बोट दाखवलं. माझ्याकडे? छे. भगवानकडे.

भगवान नंदुरबारचा, माझ्याच हाताखालचा ऑपरेटर. पाय मुरगळल्यामुळे बाहेर बसून ओरडत होता — आणि त्याच्या ओरडण्यानेच आमचा बचाव सावरला होता. पाहुणा म्हणाला, "याला खेळ दिसतो. याला माझ्याकडे शिकायला पाठवा. सगळी सोय मी करतो."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्या पोटात दुखलं — दुसरं काय? तासभर धावलो मी, आणि कौतुक याचं? मी म्हणालो, "साहेब म्हणताहेत, पायाला जप."

भगवानने हात जोडले. पाहुण्याला वाटलं, होकार दिला.

रागाच्या भरात झालं म्हणू? मग महिन्याने त्याचा ईमेल आला — भगवान कधी येतोय? मी लिहिलं, घरच्या अडचणींमुळे त्याला जमणार नाही. शांतपणे लिहिलं. दोनदा वाचून पाठवलं. मत्सर होता तो, दोन्ही वेळा.

आठ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात भगवान नोकरी सोडून कायमचा गावी गेला. निघताना टोकरखाड्याला माझ्या घरी पेढे घेऊन आला.

"साहेब, एवढा मोठा माणूस माझ्याशी बोलला. तुम्ही होते म्हणून मला समजलं तरी."

मी त्याला गाडीने बस स्टँडवर सोडलं. वाटेत सिग्नलला बराच वेळ थांबावं लागलं. गाडीत आम्ही दोघंच होतो. सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे काढली.