डेल्माचा शेवटचा काप

डेल्मा क्रॉली घरी केक कापते तेव्हा एक तुकडा उशीएवढा आणि दुसरा बिस्किटाएवढा होतो. पण ऑस्ट्रेलियातल्या वागा वागाच्या आमच्या रोगनिदान प्रयोगशाळेत मेणात बसवलेल्या मांसाचा काप ती असा काढते की कांद्याच्या पापुद्र्यानं लाजावं.

त्या आठवड्यात ट्रेव्हरच्या जबड्याखालच्या गाठीचा तुकडा आला, शेवईएवढा. ट्रेव्हर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो. सर्जनला कॅन्सरची शंका होती; सोमवारी अर्धी मान उघडायची, त्यात जिभेची नसही जाण्याची भीती.

डॉक्टर रॉझलिंडनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. लाळ तयार करणाऱ्या पेशींचे घोस सुकलेले, नळ्या फुगलेल्या, मधे वण आणि सूज. असं नळी तुंबल्यानंही होतं, पण अशा गर्दीत कॅन्सरही लपतो. निवाडा एका प्रथिनावर होता. नळीभोवतीच्या पेशींत ते असलं की रंग दिल्यावर तपकिरी कुंपण दिसतं. कॅन्सर कुंपण मोडतो.

काचपट्टीवर कुंपण नव्हतं. रॉझलिंडचा चेहरा पडला. मग तिनं पट्टीचा कोपरा पाहिला. पडताळ्यासाठी तिथं निरोगी ग्रंथीचा तुकडा लावायचा, ही आमची रीत; त्यात कुंपण दिसायलाच हवं.

"डेल्मा, कोपराही कोरा आहे गं!"

"घातली मी माती! रंगाची बाटली रिकामी होती. यंत्र बोंबलत होतं आणि मी फुटबॉलवरून ग्लेनशी भांडत होते."

"तरी मी सांगत होतो, तुझा संघ भिकार आहे," शेजारच्या टेबलावरचा सहकारी ग्लेन म्हणाला.

"गप रे! मेणात आता इतकंच उरलंय की नजर लागली तरी संपेल."

तिनं मेणाचा ठोकळा बर्फावर ठेवला, मग यंत्रात बसवून त्यावर हलकेच 'हा' करून तोंडाची वाफ सोडली. ग्लेननं चिप्स चघळणंसुद्धा थांबवलं, यावरून प्रसंग ओळखावा. पातं फिरलं. एकच अखंड काप आला. डेल्मानं तो कोमट पाण्यावर सोडला, बाळाला न्हाऊ घालावं तसा, आणि अलगद काचेवर घेतला. या वेळी बाटली तिघांनी तपासली.

"प्रत्येक नळीला कुंपण!" रॉझलिंड ओरडली. "कॅन्सर नाही. खड्यानं नळी तुंबलीय, बाकी सगळी जुनी सूज."

सर्जननं खडा आणि ग्रंथी तेवढी काढली. नस शाबूत राहिली.

ट्रेव्हर पुन्हा बाजारात लिलावाला उभा राहिला, तेव्हा डेल्मा मुद्दाम ऐकायला गेली. त्याची जीभ अशी सुटली होती की तिनं खुशीत हात उंचावला, आणि क्षणात एक कालवड तिच्या गळ्यात पडली.

"अरे, मी तुला दाद देत होते!"

"एका हातानं टाळी वाजते होय गं?" ट्रेव्हर म्हणाला आणि पुढच्या बैलाकडे वळला.