पुसेगावमार्गे जपानी

जपानी शब्द डोक्यात साठायला महिने लागतात, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साठतात! आमच्या चौघांच्या वह्या अजून अर्ध्या कोऱ्या आहेत. पण कुणी "काय मग, जपानी कुठवर आलं?" असं विचारलं, की आमच्या तोंडून वाक्याऐवजी गोष्टच निघते. एक सांगावी तर दुसरी आठवते, आणि दुसरी अर्ध्यावर असतानाच कुणीतरी तिसरी सुरू करतं. म्हणून म्हटलं, एकदा सलग सांगून टाकू.

चौघं म्हणजे कोण? मी हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. रेखाताई त्याच दवाखान्यात नर्स, रोज पुसेगावहून ये-जा करतात. इरफानभाईंचं दवाखान्यासमोर ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. आणि गजाननराव मोंढ्यात, म्हणजे इथल्या शेतमालाच्या बाजारात, हळदीच्या आडतीवर मुनीम आहेत.

इरफानभाईंना जपानी मशिनींचं वेड. गजाननरावांना आयुष्यात एकदा काहीतरी विनाकारण शिकायचं होतं. मला सगळंच शिकायचं होतं, आणि लगेच! खरी गरज एकट्या रेखाताईंना होती. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचं काम, तीन वर्षांचा करार, त्याआधी भाषेची परीक्षा आणि शेवटी व्हिडिओवर मुलाखत. नवरा तयार होता. पाचवीतली लेक आजीजवळ राहायला तयार होती. फक्त सासऱ्यांना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

"मग विचारा ना!" मी म्हटलं.

"कोण विचारील? ह्यांची हिंमत न्हाई, आन् मला बोलायची रीत न्हाई."

त्यांच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली आणि काही सांगायचं असेल तर सासूबाईंमार्फत. दवाखान्यात दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या पेशंटला एका आवाजात खाली बसवणारी ही बाई, लग्न झाल्यापासून सासऱ्यांशी एक शब्द बोललेली नव्हती!

"कुठल्या शतकात राहता ताई तुम्ही?" मला राहवलं नाही.

"शतक तुझंच हाय गं. घर येगळं हाय."

*

पहिलं भांडण झालं ते शिकायचं कसं यावर. इरफानभाई म्हणाले, मोबाईलवरचं ॲप. फुकट, घरबसल्या, मास्तर नाही की मार नाही!

पहिला आठवडा त्यांनी गॅरेजमध्ये ॲप लावलं. ॲप एक वाक्य म्हणायचं, आपण ते परत म्हणायचं, बरोबर असेल तर टुंग वाजायचं. वाक्य होतं, सफरचंद लाल आहे. इरफानभाईंनी हळू म्हणून पाहिलं, जोरात म्हणून पाहिलं, मोबाईल तोंडात घालायचा तेवढा बाकी ठेवला. ॲप प्रत्येक वेळी म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.

तेवढ्यात मागे दुरुस्तीला आलेला एक जुना ट्रॅक्टर पोऱ्याने सुरू केला. धडधडधड! आणि ॲपमध्ये टुंग वाजलं. शाब्बास, उत्तर बरोबर!

इरफानभाई त्या दिवशी दवाखान्याच्या कँटीनमध्ये डोकं धरून बसले होते. "मैं तीन दिन से सेब पे अटका हूँ," ते म्हणाले, "और ट्रॅक्टर पास हो गया!"

*

गजाननरावांचा ॲपवर विश्वास नाही. "समोर मास्तर पायजे, छडी नसली तरी चालंल," म्हणून ते दर रविवारी कळमनुरीवरून नांदेडला क्लासला जाऊ लागले. बाकीची सगळी मुलं बारावी झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी गजाननरावांना पालक समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं!

पण गडी टिकला. आकडे तर असे पाठ केले की मोंढ्यात हळदीचा सौदा चालू असतानाही तोंडातल्या तोंडात चालूच, "इची, नी, सान, योन..."

एके दिवशी एका ढिगाची बोली अडली होती. दोन व्यापारी एकमेकांकडे बघत गप्प. गजाननराव आपले शेतकऱ्याच्या शेजारी उभे राहून पुटपुटतायत, "गो, रोकु, नाना..." त्यातल्या एका व्यापाऱ्याने कान टवकारले. त्याला वाटलं, मुनीम बाहेरच्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाला गुपचूप भाव सांगून राहिला. माल हातचा जाईल म्हणून त्याने घाईघाईने बोली वाढवली. ते पाहून दुसऱ्यानेही वाढवली!

सौदा चढ्या भावाने सुटला. शेतकरी गजाननरावांच्या मागे मागे आडतीपर्यंत आला आणि हात जोडून म्हणाला, "मुनीमजी, पुढच्या ढिगाला बी तोच मंत्र म्हणा!"

*

माझं म्हणणं साधं होतं. भाषा बोलून येते. म्हणून मी नियम केला, कँटीनमध्ये रोज संध्याकाळी एक तास फक्त जपानी. जो मराठी किंवा हिंदी बोलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

पहिल्या दिवशी आम्ही बसलो. मी "कोन्बान्वा" म्हटलं, म्हणजे शुभ संध्याकाळ. तिघंही "कोन्बान्वा" म्हणाले. संपलं! पुढे कुणालाच काही येईना. गजाननराव छताकडे बघू लागले. इरफानभाईंनी टेबलावरचं मीठ हलवून पाहिलं. रेखाताईंनी पर्समधली सगळी औषधं काढून परत नीट भरली. मला आतून संताप येत होता, पण संतापाला लागणारे शब्दही माझ्याकडे नव्हते!

कँटीनवाले काका लांबून बघत होते. शेवटी ते चार कप चहा घेऊन आले, कप टेबलावर ठेवले आणि हळूच म्हणाले, "काहून भांडून राहिले बाबांनो? चांगली दोस्ती हाय तुमची. चहा माझ्याकडून, पण एकमेकाशी बोला!"

नियम तिथेच रद्द झाला.

*

मग सर्वानुमते पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन क्लास लावला. जपानीत शिक्षकांना सेन्सेई म्हणतात, आणि कुणाच्याही नावापुढे मानाने सान लावतात. आमच्या सेन्सेई कडक. कॅमेरा चालू, पाठ सरळ, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.

मी लॅबमधून, इरफानभाई ट्रॅक्टरच्या सीटवरून, गजाननराव हळदीच्या पोत्यांवरून. रेखाताई मात्र पुसेगावच्या घरातून, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून. रेंज फक्त दाराजवळ येत होती आणि दारासमोरच पडवीत सासऱ्यांची खाट! त्यामुळे पदर कपाळाच्याही खाली.

"रेखा-सान, तुमचा चेहरा दिसत नाहीये," सेन्सेई म्हणाल्या. "तिकडे ऊन येतंय का?"

"न्हाई सेन्सेई."

"मग काय आहे तिकडे?"

रेखाताई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या आणि कुजबुजल्या, "सासरे!"

 पुण्याच्या सेन्सेईंनी आवाज एकदम खाली आणला आणि उरलेला सगळा तास आम्हाला कुजबुजत शिकवला!

*

परीक्षा रेखाताई पास झाल्या. मुलाखतीची तयारी सुरू झाली. सेन्सेई म्हणाल्या, "तिथे पाठांतर ओळखतात. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसावर सराव करा. उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं करताना जपानीत बोलत राहा."

रेखाताईंच्या घरात तसं माणूस होतं. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची, म्हणजे मामांची, उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणं शाबूत, जेवण मात्र सासूबाईंच्या हातून. घरात नर्स असून मामांचा बीपी बघायला गावातला कंपाउंडर यायचा! सून हात कशी लावणार?

रविवारी मी जपानीचं पुस्तक घेऊन पुसेगावला गेले. मी मनात मोठं भाषण तयार केलं होतं, रीतिभाती, काळ, स्त्रिया, सगळं! पण त्याची वेळच आली नाही. रेखाताईंनी पदर पुढे ओढला, खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "ओकिमाशो का?" उठून बसायचं का?

मामांनी सासूबाईंकडे पाहिलं. "काय म्हणून राहिली ती?"

"मला काय ठावं? अभ्यास हाय म्हणे तिचा."

"कोणासंगं बोलून राहिली?"

"तुमच्यासंगंच की!"

 मामांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"ते बोलणं न्हाई मंग," ते म्हणाले, "अभ्यास हाय. अभ्यासाला कोण न्हाई म्हणतं?"

आणि त्यांनी डावा हात पुढे केला. रेखाताईंनी त्यांना उठवून बसवलं.

*

पुढच्या रविवारी मामांनी मलाच विचारलं, "ती येवढं बोलते. पेशंटनं काय म्हणायचं असतं, ते सांग की!"

मी सांगितलं. हो म्हणजे "हाइ". खुशाल कर, हे "दोझो". आणि दुखत असेल, घाई वाटली, तर "मोत्तो युक्कुरी", अजून हळू.

"मोत्तो युक्कुरी" त्यांना फारच आवडलं. रेखाताईंनी उठवलं की "मोत्तो युक्कुरी!" कूस बदलली की "मोत्तो युक्कुरी!" चमच्याने वरण-भात भरवतानाही तेच! आधी रविवारचा अभ्यास रोजचा झाला. मग मामा दुपारपासूनच दाराकडे बघायला लागले. रेखाताईंची बस चुकली की सासूबाईंना विचारायचे, "अभ्यास कवा हाय आज?"

एकदा सासूबाई माझ्याजवळ कुरकुरल्या, "चाळीस वर्सं झाली, माझ्यासंगं इतकं बोलले न्हाईत. मला बी शिकव गं दोन शब्द."

मी विचारलं, कोणते शिकवू?

"मला फकस्त 'आता गप बसा' शिकव!"

*

मुलाखत चार दिवसांवर आली. मामांना अजून कुणी विचारलं नव्हतं. अभ्यास आहे एवढंच त्यांना ठाऊक, अभ्यास कशासाठी ते कुणी सांगितलेलं नाही. रेखाताईंचे यजमान, आमचे दाजी, दर रविवारी म्हणायचे, "आज इचारतो." त्या रविवारी मी त्यांना निर्वाणीचं सांगितलं, "दाजी, आज नाही विचारलं तर मी विचारणार!"

दाजी उठले. पडवीत गेले. खाकरले.

"बाबा..."

"काय?"

"ते... मोटरीला ग्रीस लावू का?"

"लाव की. त्यात काय इचारायचं?"

दाजी खरंच ग्रीसचा डबा घेऊन शेताकडे निघून गेले! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी मामांकडे वळले, तेवढ्यात रेखाताईंनी मला हाताने थांबवलं. "अभ्यास घे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशीचा धडा होता परवानगी मागण्याचा. तिथे म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडायची नसते, असं सेन्सेईंनी सांगितलं होतं. मी एकेका वाक्याचा अर्थ मामांना मराठीत सांगायचे, मग रेखाताई जपानीत विचारायच्या.

"माडो ओ आकेतेमो ई देस का?" खिडकी उघडू का?

"हाइ, दोझो," मामा म्हणाले.

"देन्की ओ केशितेमो ई देस का?" दिवा बंद करू का?

"हाइ, दोझो."

पुस्तकातला धडा तिथे संपला होता. मी पान उलटलं. पण रेखाताई थांबल्या नाहीत. मान खाली, पदराचं टोक मुठीत घट्ट. पुस्तकात नसलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं, "निहोन ए इत्तेमो ई देस का?"

मी अर्थ सांगायला तोंड उघडलं.

पण मामांनी मला विचारलंच नाही. 'निहोन' म्हणजे जपान, हे त्या घरात आता शेळीलासुद्धा ठाऊक झालं होतं. आणि पुढचं 'करू का' तर त्यांनी आत्ताच दोनदा ऐकलं होतं. ते सवयीने सासूबाईंकडे वळले, निरोप द्यायला वळायचे तसे. सासूबाई दळणातले खडे वेचत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

मग मामा परत फिरले. पहिल्यांदाच त्यांनी सरळ सुनेकडे पाहिलं.

"मराठीत इचार."

सासूबाईंचा हात सुपातच थांबला. रेखाताईंनी मान वर केली. पदर घसरून खांद्यावर आला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

"मामा," त्या म्हणाल्या, "मी जपानला जाऊ का?"

"जाय," मामा म्हणाले. "पर तिथल्या म्हाताऱ्याला घास बारीक देत जाय. मला लय मोठा देतीस."