वीतभर बांध

आज केडगावच्या घराच्या फाटकाला लाल ऑइलपेंट लावायला घेतला आणि त्या वासासरशी मी खर्ड्याजवळच्या आमच्या रानात जाऊन उभी राहिले.

नव्या हायवेची मोजणी चालली होती. ठोकलेल्या खुंट्यांचा रंग अजून ओला होता, माझ्या ओढणीलाही लागला होता. अब्बा आणि चाचा, सख्खे भाऊ, बांधाच्या दोन बाजूंना उभे होते. चाचांनी वीतभर बांध कोरला, असं अब्बांचं म्हणणं. त्यावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. त्या दिवशीही त्याच वीतभर जागेसाठी दोघं मोजणीदाराशी हुज्जत घालत होते.

मोजणीदार वैतागला. "अहो, दोघांचंही रान रस्त्यातच जातंय ना!"

चाचा खाली बघत म्हणाले, "त्याचीच हाय ती जागा. लिव्हा त्याच्या नावावर."

मला वाटलं, अब्बा आता खूश होतील. ते तर भडकलेच. "न्हाई सायेब, त्याचीच हाय. त्याच्याच नावावर लिव्हा!"

मला हसूच आलं. मग अब्बांचे भरलेले डोळे दिसले आणि काहीच कळेनासं झालं.

आता त्या रस्त्यानं जाताना बांध नेमका कुठं होता, तेही सांगता येत नाही. मोजणीचा कागद घरी आला, तेव्हा अब्बांनी पाकीट न फोडताच ट्रंकेत टाकलं. अब्बा गेले, चाचाही गेले. पाकीट माझ्याकडे आहे; ती वीतभर जागा शेवटी कुणाच्या नावावर लागली, ते त्यातच असेल. फोडावं की नाही, माझं अजून ठरत नाही.