काहिलीच्या निमित्ताने शहाडला

प्रवासाची सुरुवातच मी सासऱ्यांना पेट्रोल पंपावर विसरून केली.

झाले असे, की ठाणे सोडताना पेट्रोल भरायला थांबलो. तात्या मागच्या सीटवर होते. ते पाय मोकळे करायला खाली उतरले, हे मला कळलेच नाही. मी गाडी काढली आणि वाटेत त्यांना मेट्रोच्या खांबांपासून आमच्या वर्तकनगरच्या पाण्यापर्यंत बरेच काही ऐकवत राहिलो. मागून उत्तर आले नाही. पण तात्या तसेही उत्तर देत नाहीत. मुंब्र्याच्या बायपासवर 'काच वर करू का?' असे विचारत मी आरशात पाहिले, तर मागे फक्त त्यांची पिशवी बसलेली.

बायपासवर गाडी वळवता येत नाही. शीळफाट्यापर्यंत जावे लागते. ज्याला शीळफाटा माहीत आहे त्याला पुढचे सांगायची गरज नाही. ज्याला माहीत नाही त्याने सुखी राहावे. ट्रकांच्या मधून वळून, घामाघूम होऊन मी परत पंपावर पोचलो तेव्हा तात्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पंपावरच्या माणसाबरोबर चहा पीत होते.

"काय काका, आजोबांना इथेच सोडून गेलेलात!" तो माणूस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाला.

"असू दे," तात्या म्हणाले. "मला वाटलं, जावईबापू परत येताना घेऊन जातील."

तात्या म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे वडील. कराडकडच्या एका गावात त्यांचे गुऱ्हाळ होते. ते बंद पडून बरीच वर्षे झाली. सासूबाई गेल्या, आणि थंडीच्या दिवसांत तात्या अंगणात पाय घसरून पडले. दुपार कलेपर्यंत कुणाला पत्ता नाही. सुनंदा जाऊन त्यांना घेऊन आली. तेव्हापासून ते आमच्या घरी आहेत आणि दर आठ दिवसांनी गावी परत जायला निघतात. कारण एकच: काहील. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी पसरट कढई. चार माणसांशिवाय हलत नाही. ती परसात उपडी पडली आहे. पुतण्याने फोन करून सांगितले, की भंगारवाला सारखा विचारतोय. झाले, तात्यांनी पुन्हा पिशवी भरली. "माझ्या माघारी इकून टाकतील. मी तिथंच ऱ्हातो."

सुनंदाला धास्ती एवढीच, की ते खरेच गेले आणि पुन्हा पडले तर? मग तिला कुठूनसे कळले, की शहाडच्या पुढे उल्हास नदीच्या बाजूला एका ट्रस्टने ऊसशेतीचे संग्रहालय काढले आहे आणि त्यांना जुनी काहील हवी आहे. "तुम्ही त्यांना ते नुसतं दाखवून आणा," ती मला म्हणाली. "मी आले तर तात्यांना कळेल, की बेत माझा आहे." बेत माझा असू शकतो असा संशय कुणाला येणार नाही, हा तिचा विश्वास मी कौतुक म्हणून घेतला.

पंपावरून निघालो आणि पुन्हा शीळफाट्याला उभे राहिलो. डोंबिवली मागे टाकून कल्याणात शिरेपर्यंत माझी कंबर आणि गाडीचा गारवा दोघांनीही राजीनामा दिला होता. शहाडचा पूल उतरलो तेव्हा ऊन टळटळीत. संग्रहालयाचे फाटक मी एकदा चुकवले, पण ते आता इतके किरकोळ वाटले, की तात्यांना सांगितलेही नाही.

संग्रहालय तसे लहान: कौलारू छपराची लांबट इमारत, आत तीन दालने, बाहेर आवारात पाचसहा वाफे ऊस. तिथले काम पाहणाऱ्या खरातबाई स्वतः दारात आल्या. पंचेचाळिशीच्या, पदर खोचलेला, हातात चाव्यांचा जुडगा. "या तात्या, तुमच्या मुलीशी बोलणं झालंय माझं," असे त्या पहिल्याच वाक्यात म्हणून गेल्या. बेताचे तिथेच बारा वाजले. तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. छत चांगले होते.

पहिल्या दालनात ऊस जगभर कसा फिरला त्याचे नकाशे. दुसऱ्यात मळ्यांवर राबायला बोटीत घालून मॉरिशसला नेलेल्या आपल्या माणसांचे फोटो. तिसऱ्या दालनाच्या तोंडाशी ऊसतोडीच्या टोळ्या: कोयते, बैलगाड्या, डोक्यावर मोळी आणि पाठीला बांधलेले मूल घेऊन चाललेली बाई. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. आणि मी गाडी चालवून दमलो असे सकाळपासून स्वतःला सांगत होतो. तरीही पाय बोलू लागलेच. एक लाकडी बाक दिसला, मी टेकलो. लगेच शिट्टी वाजली.

"अहो साहेब, उठा, उठा! तो जुना चरक आहे," पहारेकरी ओरडला. बैल जुंपायच्या दांड्यावर मी बसलो होतो. शेजारीच प्लॅस्टरचे दोन बैल माझ्याकडे बघत उभे होते.

"बसू द्या हो," तात्या त्याला म्हणाले. "तिसरा बैल म्हणून चालंल."

सकाळपासून ते पहिल्यांदाच हसले होते.

दालनाच्या शेवटी चुलवाण होते, म्हणजे गुऱ्हाळाची जमिनीत खोदलेली मोठी चूल. विटा, मातीचे लिंपण, मागे धुराडे; सगळे हुबेहूब. फक्त वरची काहील नव्हती. तिच्या जागी काळ्या रंगाचे गोल प्लायवूड ठेवले होते. तात्या जवळ गेले, थबकले आणि त्यांनी चपला काढल्या. गुऱ्हाळात चुलवाणाजवळ कुणी पायताण घालून जात नाही. माझ्याकडे बघत उभे राहिले, म्हणून मीही बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला.

मागून डोंबिवलीचे एक कुटुंब येत होते. आम्हाला अनवाणी पाहून त्यांनीही मुकाट्याने चपला काढल्या. त्यांच्यातल्या मावशींनी हात जोडले, केसातले शेवंतीचे फूल काढून प्लायवूडवर ठेवले आणि मला हळूच विचारले, "कोणत्या देवीचं हो?"

मी काय सांगणार? तात्याच म्हणाले, "अन्नाचं हाय, ताई. ठेवा."

मग तात्यांनी चुलवाणाच्या कडेवरून हात फिरवला, दोन्ही हात पसरून अंदाज घेतला. "बसंल," ते म्हणाले. "आमची हितं नीट बसंल." खरातबाईंनी श्वास सोडला. मीही सोडला. सुनंदाला फोन करायला खिशात हात घातलासुद्धा.

पण तात्या बाहेर आले ते थेट आवारातल्या रसवंतीकडे. रस काढणारा भला माणूस, त्याने विचारले, "आजोबा, कूपन?"

"कशाचं?"

"रसाचं. तिकडे खिडकीत मिळेल."

तात्यांचा चेहरा पडला. मी कूपन घ्यायला निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला. "नगं जावईबापू. चला घरला."

खरातबाई धावत आल्या. "काय झालं तात्या? काहिलीचं?"

"नाही द्यायची," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "बाई, राग मानू नका. तुम्ही चांगलंच केलंया. पण गुऱ्हाळावर आल्या माणसाला रस पाजल्याबिगर धाडत न्हाईत. वाटंचा वाटसरू असू दे, वैरी असू दे. त्या काहिलीवर आलेला माणूस कोरड्या तोंडानं गेला न्हाई कधी. आणि हितं तिच्याम्होरं लोक कूपन घिऊन उभं ऱ्हाणार? त्यापरीस भंगारवाला बरा."

उन्हात उभे राहून माझे डोके भणभणत होते. सुनंदाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यामागे कराडच्या गाडीत एकटे बसलेले तात्या.

खरातबाई ओट्यावर बसल्या. "तात्या, खरं सांगते. रोज फुकट वाटायला लागले तर हा रसवंतीवाला उद्या पळून जाईल आणि ट्रस्टवाले माझ्या मागे लागतील. आठवड्यातून एक दिवस करू. रविवारी. आवारातलाच ऊस, हातचरक आहे आमच्याकडे, येईल त्याला अर्धा पेला. ट्रस्टला मी समजावते. पण वाटणार कोण? माझ्याकडे हा एक पहारेकरी, आणि त्याला शिट्टीशिवाय काही जमत नाही."

"मी हाय की," तात्या म्हणाले.

"तुम्ही ठाण्याहून येणार?"

"जावईबापू सोडत्याल."

जावईबापूंना कुणी विचारले नव्हते. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे शीळफाटा तरळून गेला. "हो, हो, सोडीन ना," असे कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणाले.

मग बाईंनी आम्हाला सावलीत बसवून भाकरी आणि काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) खायला घातली. माझ्या रक्तातल्या साखरेचा विचार करून मी बोट बुडवून नुसती चाखली. तीन वेळा चाखली. तात्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आमच्या घरी अर्धी चपाती ताटात ठेवून उठणारा हा माणूस.

परतताना वाहतूक सकाळच्यासारखीच होती. तात्या मागे झोपले होते, मान काचेला टेकवून. मी दर दोन मिनिटांनी आरशात बघत होतो. संग्रहालयात आपण संपलेल्या गोष्टी बघायला जातो, असे मला आजवर वाटत होते. तात्या मात्र तिथे काम मागायला गेल्यासारखे गेले, आणि मिळवून आले. त्यांना आपल्या घरी एवढे दिवस काय कमी पडत होते, ते मला औषधे, स्वेटर आणि टीव्हीचा रिमोट पुरवताना सुचले नव्हते. दमलो नसतो तर याहून खोल विचार केला असता. पण पाठ दुखत होती, आणि पुढचा ट्रक हलत नव्हता.

घरी पोचल्यावर तात्या हातपाय धुवून आडवे झाले. मी सोफ्यावर कोसळलो आणि सुनंदाला सगळे सांगितले: मोजा, फूल, कूपन, अर्धा पेला. आणि आता दर रविवारी, ऊन असो पाऊस असो, मला शहाडला जावे लागणार, हे जरा जास्तच कण्हत सांगितले.

तिने सगळे ऐकून घेतले. डोळे पुसले, ते मला दिसू नये म्हणून चष्माही पुसला.

"गावाला जायचं काही बोलले नाहीत ना?" तिने विचारले.

"नाही. पुतण्याला फोन लावून काहील आणायला टेम्पोचं बघायला सांगत होते."

"मग झालं तर," ती उठत म्हणाली. "रविवारी तुम्हाला तरी दुसरं काय काम असतं!"